परमुलखात जेवण मागताना
(झरी येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



भात कापून झाले. बहुतेकांची झोडणीही उरकली. आता आठ-पंधरा दिवसांत गावातली बरीच माणसे कामाला बाहेर पडतील. कुणी उंबरगावच्या कारखान्यात जाईल, कुणी वापीला, कुणी दमणला. बोटीवर जाणारे खलाशी तर नारळी पुनवेलाच गेले. ते आज वेरावळ-पोरबंदरच्या समुद्रात आहेत. बाकीचे अजून इथे आहेत तोवर हे बोलून घ्यावे, असे आमच्या मनात आले.

निघताना गाठोड्यात काय असते ते आम्हाला ठाऊक आहे. थोडे तांदूळ, नागलीचे पीठ, सुकटीची पुडी, लाल मिरची. हे दहा दिवस पुरते. अकराव्या दिवशी गाठोडे रिकामे होते. मग दुकानात जावे लागते, खाणावळीत बसावे लागते, आणि तिथे तोंड उघडावे लागते. आज आम्ही बोलणार आहोत ते या अकराव्या दिवसाविषयी.

तुम्ही म्हणाल, यात बोलण्यासारखे काय आहे? भूक लागली की माणूस मागतो. पण नाही हो. शब्द अडला की माणूस गप्प बसतो, आणि गप्प बसला की उपाशी राहतो. आमच्या शाळेतून चौथी होऊन गेलेला एक मुलगा वापीला कामाला लागला. महिन्याभरात परत आला तो गालफडे बसलेला. आजार काही नव्हता. सगळा महिना चहा, बिस्किटे आणि वडापाव यांवर काढलेला. आम्ही विचारले, "अरे, खाणावळ नव्हती का?" तर म्हणाला, "होती गुरुजी, पण एकदाच गेलो."

काय झाले होते ते ऐका. पहिल्याच दिवशी ताटात डाळ-भात आला. डाळ अळणी होती. वाढणारा उत्तर प्रदेशचा. आपल्या पोराने हिंदी जुळवले, "भैया, थोडा मीठ देना." वाढप्याने साखरेची वाटी आणून ठेवली. पोरगा म्हणाला, "नहीं, नहीं, मीठ!" वाढप्याने आणखी दोन चमचे साखर डाळीत घातली. शेजारची माणसे हसली. पोराने ती गोड डाळ तशीच गिळली, पैसे दिले, आणि पुन्हा त्या दारात पाऊल टाकले नाही.

चूक कुणाची? कुणाचीच नव्हे. आपले मीठ ते हिंदीत नमक. हिंदीत मीठा म्हणजे गोड. वाढपी बिचारा मनापासून गोड करून देत होता. आता गंमत पाहा. तिथे गल्ल्यावरचा मालक गुजराती असेल आणि त्याच्याकडे मीठ मागितले, तर त्याने बरोबर मीठच दिले असते. कारण गुजरातीत मिठाला मीठुं म्हणतात. पण त्याच गुजरातीत गोड वस्तूलाही मीठुं म्हणतात! त्यांना त्यांच्या बोलण्याच्या ओघात बरोबर कळते. परक्याला कळत नाही.

तेव्हा समोर कोण उभा आहे, ते आधी ओळखावे. वापी गुजरातेत आहे म्हणून तिथे सगळे गुजराती असतात असे नाही. चहावाला राजस्थानचा, वाढपी उत्तर प्रदेशचा, शेजारच्या खाटेवरचा बिहारचा. एका शब्दाला तिथे तीन-तीन अर्थ असतात.

आणि लाजायचे तर मुळीच नाही. ही झरी आहे. १९४५ च्या मे महिन्यात याच झरीत गोदावरी परुळेकरांच्या सभेला हजारो आदिवासी जमले, आणि यापुढे वेठबिगार करायची नाही असे ठरवून उठले. ज्यांचे आजे सावकारापुढे बोलले, त्यांनी खाणावळीत मीठ मागायला लाजावे काय?

असो. मिठावरून पिठाकडे येऊ.

आपले पीठ म्हणजे हिंदीतला आटा. हिंदीत पीठ म्हणजे माणसाची पाठ. "पीठ कहाँ मिलेगा?" असे विचारले तर हिंदीवाला तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. पण गुजरातेत प्रकार याहून अवघड आहे. तिथे पिठाला म्हणतात लोट. आणि पीठुं म्हणजे काय, ठाऊक आहे? दारूचा गुत्ता! आपल्याकडेही जुनी माणसे दारूचा पिठा म्हणत असत, तोच हा शब्द. आता गुजरातेत तर राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी. आपल्यातले एक गृहस्थ सरीगामच्या रस्त्यावर एका वृद्ध काठेवाडी माणसाला विचारतात, "बाबा, इथं पीठ कुठं मिळेल?" म्हाताऱ्याने यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. सकाळी आठची वेळ. मग हात जोडून म्हणाला, "भाई, घेर जाओ." घरी जा बाबा! गृहस्थ तसेच परतले. दुपारी एका बाईने त्यांची पिशवी पाहिली, पिशवीच्या शिवणीत अडकलेले नागलीचे पीठ पाहिले, आणि म्हणाली, "लोट जोईए छे?" मग त्यांना गिरणी सापडली. ध्यानात ठेवा, त्यांचे काम शब्दाने झाले नाही, पिशवीने झाले.

भाकरीचेही असेच आहे. हा शब्द गुजरातेत आहे, पण वस्तू वेगळी आहे. तिथे भाखरी म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाची, तेल किंवा तूप घालून कडक भाजलेली. वाईट नसते, पण ज्याला नागलीची नाहीतर तांदळाची मऊ भाकर हवी, त्याचे तिच्यावर समाधान होत नाही. आपल्या भाकरीला तिथे रोटलो म्हणतात. नागलीनो रोटलो म्हणा, चोखानो रोटलो म्हणा, आपली भाकर पुढे येईल. नागली हा शब्द मात्र दोन्हीकडे एकच, हे आपले नशीब.

आणि कैरी! आपल्याकडे कैरी म्हणजे कच्चा, आंबट आंबा. गुजरातीत केरी म्हणजे आंबा, मग तो पिकलेला का असेना. लोणच्यासाठी कैऱ्या मागाल तर पिकल्या आंब्यांचा भाव सांगतील, आणि तुम्हाला वाटेल हे लुटतात. तिथे काची केरी म्हणावे.

भुईमुगाच्या शेंगेला ते सिंग म्हणतात. आपल्या कानाला बैलाचे शिंग वाटते. हिंदीत तिलाच मूंगफली म्हणतात. तिचा मुगाशी काही संबंध नाही.

पण सगळ्यात मोठा घोटाळा चोखा या शब्दाचा. मराठीत चोखा म्हणजे शुद्ध, निवडलेला. गुजरातीत चोखा म्हणजे तांदूळ. आणि बिहारकडे चोखा म्हणजे वांगे, बटाटा, टमाटा भाजून किंवा उकडून, कुस्करून, मोहरीचे तेल घालून केलेले भरीत. आता वापीच्या एका खोलीत तिघे राहतात असे धरा. आपला, एक गुजराती, एक बिहारी. बिहारी म्हणतो, "आज चोखा बनाएंगे." गुजराती समजतो आज भात. आपला समजतो, आज काहीतरी चोख बेत दिसतो. संध्याकाळी पाहतात तो ताटात वांग्याचे भरीत, आणि भात कुणीच टाकलेला नाही! हे आम्ही हसण्यासाठी रचून सांगितले. पण अशा खोल्यांतून अशा गोष्टी घडतात, हे तिथे राहून आलेले तुम्हाला सांगतील.

तुम्ही विचाराल, इतक्या जवळ राहून इतका फरक कसा? तर फरक रेघ ओढल्यामुळे झालेला नाही. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले. त्याआधी उंबरगाव आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. त्या दिवशी सरकार बदलले, कचेरीतली भाषा बदलली. माणसांच्या जिभा काही बदलल्या नाहीत. सीमेवरचे जुने लोक दोन्ही बोलतात, तिथे फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती आणखी पुढे गेल्यावर.

आणि मराठी तरी सगळीकडे एक आहे का? नागपूरकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. आपण उडुप्याच्या हॉटेलात इडलीबरोबर पितो ते सांबार वेगळे. इथल्या एखाद्या आजीकडे हिंदी बोलणाऱ्याने आलू मागितले तर ती परसातल्या अळूची पाने तोडून देईल. त्याला बटाटा हवा असतो. बटाटा हा शब्द तर आपलाही नव्हे. तो पोर्तुगीजांचा. ते दमणला १९६१ पर्यंत होते. पाव, काजू, अननस ही नावेही त्यांच्याकडूनच आली.

आता जरा हसू बाजूला ठेवू. ज्याला मधुमेह आहे, म्हणजे आपण साखरेचा आजार म्हणतो तो, त्याच्यासाठी हा खेळ नाही. गुजराती डाळीत बहुधा गूळ असतो. त्यांची भाजीही पुष्कळदा गोडसर. खाणाऱ्याला जिभेवर कळते, पण तोवर पोटात गेलेले असते. तिथे साखरेला खांड म्हणतात आणि गुळाला गोळ. चहा मागताना सांगावे, "खांड वगरनी चा." डाळ घेताना विचारावे, "गोळ छे?" हिंदीवाल्याकडे बिनसाखरेचा चहा म्हणजे फीकी चाय. आपल्याला वाटते फिका म्हणजे कमी दुधाचा किंवा पाणचट. तसे नाही. फीकी म्हणजे गोड नसलेली. हे दोन शब्द आजारी माणसाने औषधासारखे जवळ ठेवावेत.

आता समुद्रापलीकडे जाऊ. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठले परदेशाला जाणार? पण आपल्या डहाणू-तलासरीच्या खलाशांना विचारा. गुजरातच्या बोटीवर जाळे टाकता टाकता पाण्यातली हद्द ओलांडली जाते, पाकिस्तानची बोट येऊन पकडते, आणि माणूस कराचीच्या मलीर तुरुंगात जाऊन पडतो. वर्षे जातात. पासपोर्ट नाही, तिकीट नाही, परदेश मात्र घडतो. अशा वेळी ज्याला दोन शब्द हिंदीचे येतात त्याचे थोडे तरी निभते. उर्दूतही नमक, चावल, रोटी, दाल, पानी हेच शब्द आहेत. आपला भात मात्र तिकडे चावल. शिजलेलाही चावल, कच्चाही चावल. बोटीवर मुलगा पाठवणाऱ्या आईने त्याला एवढे तरी शिकवून पाठवावे.

दुसरे परदेशी जाणारे म्हणजे आखाती देशांत कामाला जाणारे. दुबई, मस्कत, कुवेत. आपल्या जिल्ह्यातलीही मुले जातात. तिथली भाषा अरबी. अरबीत मिठाला मिल्ह म्हणतात, कांद्याला बसल, रोटीला खुब्ज. आणि ऐश नावाचा एक शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ जगणे. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, ऐश म्हणजे रोटी. कुवेत-बहरीनकडे ऐश म्हणजे भात. ज्याला जो घास जगवतो, त्याला त्याने ऐश म्हटले. आता मिसरचा मजूर कुवेतला गेला, ऐश मागितली, आणि पुढ्यात भात आला, तर तोही आपल्या पोरासारखाच बघत राहणार! लबन म्हणजे मिसरमध्ये दूध, आखातात ताक. आपल्या पंडिताला तर लवण म्हणजे मीठ वाटेल. तेव्हा घोटाळा अडाण्याचा होतो आणि शहाण्याचा होत नाही, असे काही नाही. एकच भाषा बोलणाऱ्या अरबांचाही होतो.

इथे एक गोष्ट आम्ही सावकाश सांगतो. घरात बायांनी नीट ऐकावी. मुलगा दुबईला असतो. दिवाळीला आई डबा पाठवते. डब्यात अनारसे असतात, आणि अनारशाला खसखस लावलेली असते. किंवा घरचा मसाला असतो, त्यात खसखस कुटलेली असते. हा डबा पाठवू नये. खसखस हे अफूच्या बोंडातले बी आहे. आपल्याकडे ते वाण्याकडे मिळते. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, सिंगापूर या देशांत ते बंदी असलेल्या अमली पदार्थांत धरतात. विमानतळावर सापडले तर घेऊन जाणारा पकडला जाऊ शकतो. आईने प्रेमाने दिले होते, हे तिथल्या कोर्टाला सांगून उपयोग नाही.

यातही भाषेची मेख पाहा. माणसाला वाटते, आपला शब्द त्यांना कुठे कळणार? आणि इथेच तो फसतो. इतर शंभर शब्द कळणार नाहीत, पण हा कळेल. कारण अरबीत अफूच्या झाडाला खश्खाश म्हणतात. आपण भोळेपणाने "खसखस आहे साहेब" म्हणालो, तर त्यांनी नेमके ऐकले तेच असते! मग कुणी शहाणा सांगतो, नुसते खस म्हण. तर हिंदीत खस म्हणजे वाळा, सरबतात घालतात ती मुळी. आणि अरबीत खस म्हणजे एक पालेभाजी, कच्ची खातात ती. म्हणजे एका अक्षराच्या फरकाने भाजी, मुळी आणि गुन्हा. तेव्हा परदेशी जाणाऱ्याच्या डब्यात काय आहे, ते घरच्यांनी कागदावर लिहून त्याच्याजवळ द्यावे, आणि त्याने निघण्याआधी जाणत्याकडून तपासून घ्यावे. लिहायला आता तुम्ही शिकला आहात.

इंग्रजी बोलणाऱ्या देशांत दुकाने मोठी आणि भांबावणे अधिक. तिथे वस्तू आपण हाताने उचलायची, वाचून उचलायची. विचारायला वाणी नाही. आपल्या इंग्रजी शिकलेल्या मुलांना ठाऊक असते की भेंडीला लेडीज फिंगर म्हणतात, बाईचे बोट. अमेरिकेत लेडीफिंगर मागा, तुम्हाला लांबट गोड बिस्कीट देतील. तिथे भेंडी म्हणजे ओक्रा. साबुदाणा म्हणजे टॅपिओका. रवा म्हणजे सेमोलिना. आणि आपला बोंबील? त्याला इंग्रजीत म्हणतात बॉम्बे डक. डक म्हणजे बदक! ज्याला हे ठाऊक नाही तो पुडके हातात घेऊन परत ठेवतो. घरचा बोंबील हातात येऊन गेला, हे त्या बिचाऱ्याला कळतसुद्धा नाही. गुजराती माणूस त्यालाच बूमला म्हणतो, तेव्हा उंबरगावच्या बाजारात अडायचे कारण नाही.

मॉरिशस नावाचे बेट आहे. इंग्रजांनी १८३४ पासून तिथे उसाच्या कामाला हिंदुस्थानातून मजूर नेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणातले मराठी लोकही होते. त्यांची पतवंडे आज तिथे आहेत, गणेशचतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. पण बोलणे आता तिथल्या मिश्र भाषेत. चटणीला सातिनी म्हणतात, कोथिंबिरीला कोतोमिली, भेंडीला लालो. भुईमुगाच्या शेंगेला पिस्ताश. आपला माणूस स्वस्तात पिस्ते मिळाले म्हणून खूश व्हायचा आणि पुडीत शेंगदाणे निघायचे.

आता आपल्या नागलीचे ऐका. हा भाग आम्हाला सगळ्यात आवडतो.

घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या वाड्या आहेत. तिथे राखणीला कुठे कुठे नेपाळी गुरखे असतात. अशाच एका वाडीत आपल्याकडची एक म्हातारी कामाला होती. दुपारी तिने नागलीची भाकर सोडली. गुरखा जवळ आला, भाकरीकडे पाहून त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "कोदो! कोदो!" म्हातारी घाबरली. तिच्या कानाला कोद्रा ऐकू आले. ती म्हणाली, "कोद्रा नाही रे बाबा. कोद्रा खाऊन माणूस झिंगतो." गुरखा पुन्हा म्हणतो, "कोदो, हमारे घर का कोदो." आणि हात पुढे करतो. म्हातारीला कळेना, याला भाकर द्यावी की देऊ नये. याला कोद्रा खायची सवय असेल आणि आपल्या भाकरीने काही झाले तर? शेवटी तिने पदराच्या गाठीतले चार दाणे काढून तळहातावर ठेवले. लाल, गोल, मोहरीएवढे. गुरख्याने ते पाहिले, एक दाणा दाताखाली धरला, आणि मान हलवली. तेच! नेपाळात नागलीलाच कोदो म्हणतात. दोघांनी मिळून भाकर खाल्ली.

म्हातारीची भीती खोटी नव्हती, बरे का. आपल्याकडचा कोद्रा, त्यालाच कुठे हरीक म्हणतात, हे वेगळे धान्य आहे. चांगले असेल तर खायला उत्तम. पण ओल धरून बुरशी लागली तर विषारी होते. २०२४ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशात बांधवगडच्या जंगलात असा कोदो खाऊन दहा हत्ती मेले. तेव्हा मध्य प्रदेशातला कोदो वेगळा आणि नेपाळातला कोदो वेगळा. नावावर विसंबून चालत नाही. दाणा पाहावा लागतो.

नागलीची नावे तरी किती! कर्नाटकात रागी, उत्तराखंडात मंडुवा, ओडिशात मांडिया, लंकेत कुरक्कन. इंग्रजीत फिंगर मिलेट, कारण तिचे कणीस हाताच्या बोटांसारखे दिसते. २०२३ हे वर्ष साऱ्या जगाने भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हापासून शहरांतल्या दुकानांत ती या नावाच्या चकचकीत पुड्यांत दिसते. आपण गोणीने पिकवतो, ते पुडीने विकत घेतात. आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे, तिथे नागलीला विंबी म्हणतात. विंबीच्या पिठाची पातळ पेज सकाळी पितात, तिला उजी म्हणतात. आपली आंबीलच म्हणा ना! आणि जाणते लोक सांगतात की नागलीचे मूळ घर आफ्रिकेच्याच डोंगरांत. तिथून ती हजारो वर्षांपूर्वी इकडे आली. येताना आपले नाव मात्र तिकडेच ठेवून आली.

चहाने असे केले नाही. चीनहून निघालेला चा आपल्याकडे चहा झाला, गुजरातेत चा, हिंदीत चाय, अरबांत शाय, केनियात चाय, रशियात चाय. जगात अर्ध्या ठिकाणी तुम्ही चा म्हणालात की पेला पुढे येईल. इंग्रजांनी टी म्हटले ते चीनच्याच दुसऱ्या एका बोलीतून. परक्या गावात काहीच सुचले नाही तर चहापासून सुरुवात करावी. कपाशी बसले की शेजारी काय खातो आहे ते दिसते, आणि बोटाने दाखवून मागता येते.

बोटाने दाखवण्यात कमीपणा नाही. म्हातारीने चार दाण्यांत जे केले ते आमच्या मते सगळ्यांनी करावे. जाताना नागली, तांदूळ, तूर, उडीद यांचे चिमूटभर दाणे एका पुडीत बांधून न्यावेत. दुकानदाराला पुडी उघडून दाखवावी. मोबाईल असेल तर त्यात फोटो काढून ठेवावा. मोबाईल बोललेल्याचे भाषांतर करतो हेही खरे. पण त्याला आपण मराठीवर लावले आहे की हिंदीवर, ते पाहून घ्या. हिंदीवर असेल तर तोही पिठाची पाठ करतो.

आणि वस्तू कच्ची हवी की शिजलेली, हे सांगायला विसरू नये. आपण शेतात उभा असतो त्याला भात म्हणतो आणि ताटात वाढतात त्यालाही भातच. गुजराती माणूस शेतातल्याला डांगर म्हणतो, पोत्यातल्याला चोखा, ताटातल्याला भात. त्याच्या दुकानात "भात द्या" म्हणालात तर तो म्हणेल, हे दुकान आहे, खाणावळ नव्हे.

मागच्या बुधवारी हेच बोलणे निघाले तेव्हा एका बाईंनी प्रश्न केला. म्हणाल्या, "गुरुजी, शब्द पाठ करू. पण पगार व्हायच्या आधी दुकानात काय घेऊन जायचं?" प्रश्न खरा आहे. त्याला उत्तर आहे, आणि ते पुष्कळांना ठाऊक नाही. आपले रेशनकार्ड आता परराज्यातही चालते. एक देश एक रेशनकार्ड ही योजना २०१९ पासून सुरू झाली, आणि २०२२ पर्यंत देशातली सगळी राज्ये तीत आली. वापीच्या सरकारी रेशन दुकानात आपल्या कार्डाचा नंबर सांगायचा, अंगठा लावायचा, आणि आपल्या वाटणीचे धान्य घ्यायचे. माणशी महिना पाच किलो. अंत्योदय कार्ड असेल तर कुटुंबाला पस्तीस किलो. सगळे तिथेच घ्यावे असेही नाही. थोडे तिथे घेता येते, उरलेले घरच्यांना इथे. मात्र घरातल्या माणसांची आधार कार्डे रेशनकार्डाला जोडलेली हवीत. ती जोडली आहेत का, ते निघण्याआधी आपल्या दुकानात विचारून घ्या. आणि कार्डावरचा नंबर वहीत उतरवून न्या. कार्ड घरी राहिले तरी नंबर जवळ असू द्या.

तिथल्या दुकानाच्या फळ्यावर गुजरातीत लिहिलेले असेल. ते पाहून घाबरू नका. गुजराती अक्षरे म्हणजे पुष्कळशी आपलीच, डोक्यावरची रेघ काढलेली. ग, म, न, त, प ही तुम्ही सहज ओळखाल. क, ख, च, ज, ल मात्र वेगळी आहेत, ती पुढच्या वर्गात काढून दाखवू.

आज फळ्यावर आम्ही सात गुजराती शब्द आपल्या अक्षरांत लिहिले आहेत. घउं, चोखा, लोट, मीठुं, खांड, गोळ, छाश. दिवा जरा इकडे करा. पहिला शब्द कोण वाचतो?